ओव्हाळ सरांची भाकरी

ओव्हाळ सर पेशंटला 'तोंड उघडा' असं कधीच म्हणायचे नाहीत. रविवारी सकाळी शिरूरला माझ्या दवाखान्यात आले की आधी पिशवीतून स्टीलचा डबा काढायचे, माझ्या टेबलावरचे दातांचे साचे हाताने बाजूला सारायचे आणि वर्तमानपत्र अंथरून त्यावर बाजरीची भाकरी, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी मांडायचे. मग खुर्चीतल्या पेशंटला म्हणायचे, "या, बसा जेवायला." पेशंट बिचारा सुई टोचून घ्यायच्या तयारीने आलेला असायचा. पुण्याचा एवढा मोठा सर्जन आपल्यासाठी भाकरी मोडतोय हे बघून तो गांगरायचा, हो-नाही करायचा आणि शेवटी एक घास उचलायचा. सर समोर बसून स्वतःही जेवत आणि जेवता जेवता त्याच्या ओठांकडे बघत.

हीच त्यांची तपासणी. भाकरी जबड्यासाठी, आमटी ओठांसाठी आणि चटणी जिभेसाठी, अशी त्यांनी वाटणी करून ठेवली होती. भाकरी चावता आली तर जबडा कामाचा. आमटी हनुवटीवर ओघळली तर ओठात दोष. चटणीचा कण गालात अडकून बसला आणि जिभेला तो काढता आला नाही, तर जिभेवर अजून काम बाकी. ही भाकरी ते दौंडला घरी पहाटे स्वतः थापायचे. बायकोने केलेली चालत नव्हती असं नाही, पण तिची भाकरी दर वेळी सारखी जाड होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वैशालीताई त्यावर म्हणायच्या की मग आयुष्यभर तुम्हीच थापा. तसंच झालं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा, गाल किंवा जीभ कापून काढावी लागली की मागे उरलेला खड्डा भरून परत तोंड तयार करायचं, हे सरांचं काम. पोटरीत एक बारीक हाड असतं, चालायला त्याची फारशी गरज लागत नाही. ते काढायचं, जबड्याच्या वळणाने कापून बसवायचं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या शेवयाएवढ्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. रक्त वाहिलं तर हाड जगतं, नाहीतर कुजतं. आठवडाभर ते पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात हे करत. पण टाके निघाले की आमच्या तालुक्यातले पेशंट पुण्याला फिरकायचे नाहीत. म्हणून सरांनी रविवारी शिरूरला यायचं ठरवलं आणि खुर्ची मागायला माझ्याकडे आले.

त्या पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढी सर्टिफिकेटं लावलीत, म्हणजे पेशंटला शंका येत असणार." मला राग आला. तो गिळून मी चहा मागवला. तेवढ्यात त्यांनी टेबलावरची एक कवळी उचलली, दिव्याकडे धरून फिरवली आणि काम चांगलं आहे असं म्हणाले. पुढे म्हणाले, "पण आपल्याकडच्या कवळ्या तोंडापेक्षा फडताळात जास्त असतात. केलेल्या कवळीची चौकशी करत जावा." मी दुसऱ्या दिवशी जुन्या पेशंटांना फोन लावायला बसले. निम्म्या कवळ्या खरोखरच फडताळात होत्या. सर्टिफिकेटं मी उतरवली नाहीत, पण त्यांना सर म्हणायला लागले.

तुच्छता हा त्यांचा स्थायीभाव होता, आणि ती फार निगुतीने वाटलेली असायची. कॅन्सर काढणाऱ्या सर्जनांना ते 'खड्डेवाले' म्हणत. परिषदांमध्ये पडद्यावर 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो दाखवून टाळ्या घेणाऱ्यांबद्दल तर त्यांच्याकडे शब्दच कमी पडायचे. एकदा मला पुण्यात अशा एका परिषदेला घेऊन गेले. मागच्या रांगेत बसून हळूच म्हणाले, "'नंतर'चा फोटो नीट बघा. प्रत्येकाचं तोंड मिटलेलं आहे. तोंड मिटून काढला तर मेलेल्या माणसाचाबी फोटो चांगला येतो." पुढचा वक्ता सांगत होता की त्याने बसवलेली जवळजवळ सगळी हाडं जगली. सर उठून उभे राहिले आणि विचारलं, हाडं जगली हे कळलं, माणसं जगली का? वक्त्याने तो आकडाही सांगितला. सर कपाळाला हात लावून खाली बसले.

आमच्या लोकांनाही ते सोडत नसत. पेशंटबरोबर आलेले भाऊबंद माझ्या ओट्यावर बसून सुस्कारे टाकत, काय दिवस आले म्हणत, आणि तळहातावर चुना लावून तंबाखू मळत. आत तंबाखूने अर्धं तोंड गेलेला माणूस आणि बाहेर त्याच्या काळजीने मळलेली तंबाखू. पहिल्यांदा ते दृश्य बघून मी ओरडणार होते. सर मात्र दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "मळा, मळा. फक्त पायाची काळजी घ्या. पोटरीतलं हाड मला लागणार हाय." त्या दिवशी ओटा रिकामा झाला. पुढच्या रविवारी परत भरला.

सर त्या काळात एक संशोधन करत होते. जबडा नवीन बसवल्यावर माणूस पुढे कसा जगतो, हे त्यांना शोधायचं होतं. इस्पितळाने त्यासाठी परदेशात तयार झालेली आणि कुणीतरी मराठीत आणलेली प्रश्नावली दिली होती. त्यात एक प्रश्न असा होता की आपण मित्रांसमवेत उपाहारगृहात भोजनास जाण्याचे टाळता का. सर म्हणाले, कवठे येमाईचा म्हातारा उपाहारगृहात कशाला मरायला जाईल? त्यांनी तो प्रश्न खोडून आपला घातला : पंगतीत बसता का? लग्नाची, जत्रेची, सप्ताहाची, कसलीही पंगत. ज्याच्या तोंडातून सांडतं तो आपल्याकडे पहिल्यांदा पंगत सोडतो. घरात कोपऱ्यात तोंड फिरवून जेवतो, आणि हळूहळू लग्नाला जायचंच बंद करतो. हे सरांनी पाहिलेलं होतं.

संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीने त्या प्रश्नावर आक्षेप घेतला. पंगत हे प्रमाणित माप नाही, असं त्यांचं म्हणणं. सर समितीसमोर काय बोलले ते त्यांनीच मला सांगितलं : "म्हटलं, आपल्याकडं हजार वर्षं माणूस पंगतीनंच मोजलाय. आणखी किती प्रमाण पाहिजे?" समितीतले दोघे हसले आणि बाकीच्यांनी पाण्याचे ग्लास उचलले. सरांच्या आजोबांना गावच्या लग्नात सगळ्या पंगती उठल्यावर बांधावर बसवून वाढलं जायचं. वडील रेल्वेच्या नोकरीला लागून दौंडला आले ते त्या बांधावरून उठून आले. धम्म त्यांनी दौंडलाच घेतला. हे सरांनी मला एकदाच सांगितलं, तेही चटणीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं.

प्रश्न लिहून भागणार नव्हतं, कारण पेशंट खोटं बोलतात. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून 'बसतो की' म्हणतात. म्हणून सर स्वतः पंगती बघत फिरायचे. कुठे लग्न आहे कळलं की बिनबोलावता जायचे, आहेराचं पाकीट द्यायचे आणि आपला पेशंट कुठे बसलाय ते शोधायचे. एकदा सणसवाडीजवळच्या एका लग्नात वरपक्षाला ते वधूपक्षाचे वाटले आणि वधूपक्षाला वरपक्षाचे. दोन्हीकडून आग्रह झाला. त्या दिवशी त्यांचा एक पेशंट छातीवर टॉवेल टाकून चारचौघांत बसून जेवत होता. सर गाडीत बसल्यावर घरापर्यंत शीळ घालत होते.

या सगळ्यात नाना आले. त्यांचं आडनाव मी सांगत नाही. असे नाना आमच्याकडे गावोगाव आहेत, ज्याला बसेल त्याने टोपी घालून घ्यावी. बागायत जमीन, साखर कारखान्याचे माजी संचालक, सोसायटीत शब्द चालणारा, आणि गालात सदानकदा तंबाखूची गोळी. डावा जबडा गेला. सरांनी तो पायाच्या हाडातून परत तयार केला. नाना घरी परतले त्या दिवशी कार्यकर्त्यांनी चौकात फ्लेक्स लावला : 'कॅन्सरवर मात करून आलेल्या नानासाहेबांचे हार्दिक स्वागत'. त्यावर नानांचा फोटो मात्र आजाराआधीचा होता. सर गाडी थांबवून तो फ्लेक्स बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, माझा जबडा लपवला लेकांनी.

नानांचं सरांवर प्रेम मात्र उतू जात होतं. दवाखान्यात शिरताच पाया पडायला वाकायचे, ओट्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "डॉक्टर म्हंजी देवमाणूस. देवच म्हना." सर हात आखडून घ्यायचे. नाना गेल्यावर मला म्हणाले, "देव म्हणतोय. माणूस म्हणायची तयारी दिसत नाही." तेव्हा मला वाटलं, सर उगाच वाकड्यात शिरतायत. माझ्या पाया कुणी पडत नाही, म्हणून मला त्या पाया पडण्याचं अप्रूप होतं.

पहिल्याच रविवारी सरांनी डबा उघडला. नाना दोन्ही हात जोडून म्हणाले, "न्हाई डॉक्टर. तोंडातून सांडतंय. चारचौघांत बरं दिसत न्हाई." सांडत होतंच. खालच्या ओठाला संवेदना नव्हती, लाळ आली तरी कळायची नाही, नाना सारखे रुमाल लावायचे. त्यांच्या पत्नी मालनकाकी मागे उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. नानांसाठी त्यांनी पातळ पेज करून फडक्यातून गाळून बाटलीत आणली होती. सरांनी त्यांना म्हटलं, काकी तुम्ही तरी घ्या, सकाळपासून उपाशी असाल. काकींनी आधी नानांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "त्यांनी खाल्ल्याबिगर मी कशी खाऊ," म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला तर तोही त्यांनी तसाच ठेवला.

सरांनी ओठाला आधार देणारं छोटं ऑपरेशन केलं. ओघळ थांबला. डबा परत उघडला तेव्हा नाना म्हणाले, तोंड पुरतं उघडत नाही, घास जात नाही. हेही खरं होतं. त्यासाठी व्यायाम दिला, काकींनी तो रोज समोर बसून करून घेतला. तोंड उघडायला लागलं. मग नाना म्हणाले, चावायला दात कुठं हायेत? हेही खरंच. आता जबड्यात बसवलेल्या पायाच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभे करायचे म्हणजे बरेच महिने जातात, आणि ते काम माझ्याकडे येणार होतं. इतक्या दिवसांत बाकी पेशंट त्या वर्तमानपत्रावरची भाकरी खाऊन, आमटी सांडून, हसून घरी गेले होते. नानांनी चटणीचा कणही उचललेला नव्हता.

मी सरांना स्पष्टच विचारलं. नानांना तोंडाची लाज नाही, त्यांना तुमच्या घरची भाकरी नको आहे, हे तुम्हाला दिसत नाही का? सर दातांचे माझे साचे बघत होते. म्हणाले, "हा तुमचा अंदाज झाला. माझाही तोच आहे. पण अंदाजावर रिसर्च होत नाही. ह्या माणसाकडं आत्ता तीन-चार खरी कारणं हायेत. ती सगळी मी काढून घेणार. मग जे उरेल ते बघू." त्यांच्या संशोधनात सगळ्या पेशंटांचा निकाल लागला होता, नानांचा तेवढा राहिला होता. जबडा फसला म्हणून माणूस पंगतीत बसत नाही, की माणूसच फसलेला आहे, हे कळल्याशिवाय सरांना तो जबडा चांगला झाला असं म्हणता येत नव्हतं. आणि स्वतःच्या कामाबद्दल असं अर्धवट राहणं त्यांना सहन होत नसे. मला वाटतं, त्यांच्या मनात खोलवर अशी आशाही होती की दोष आपल्याच हातात निघावा. हाताचा दोष दुरुस्त करता आला असता.

मी दात केले. नानांना ते पांढरेशुभ्र हवे होते, म्हणजे फ्लेक्सवर उठून दिसतील. मी म्हटलं बाकीचे दात तंबाखूने काळे आहेत, नवे तेवढे वेगळे दिसतील. तर म्हणाले, दिसू द्या. मी माझ्या मताचा रंग दिला आणि तोच सगळ्यात पांढरा असल्याचं सांगितलं. सरांनी चावण्याचा दाब तपासला, कडा दोनदा घासायला लावल्या. इतक्या प्रेमाने त्यांनी दुसऱ्या कुणाचे दात तपासलेले मी पाहिले नाहीत.

त्यानंतर नानांच्या नातीचं लग्न आलं. कवठे येमाईजवळच्या मंगल कार्यालयात. नानांनी सरांना स्वतः पत्रिका आणून दिली, मलाही दिली. आम्ही गेलो. सरांना स्टेजवर बोलावून फेटा बांधला, शाल आणि नारळ दिला, माईकवरून देवमाणूस असा उल्लेख झाला. मग जेवणाचं आलं. बाकीच्यांसाठी बुफे होता, पण व्याह्यांसाठी नानांनी आत टेबलं मांडून खास पंगत धरली होती. सर हातात ताट घेऊन त्या हॉलच्या दारात, पाण्याच्या जारपाशी उभे राहिले.

व्याही नानांना आग्रह करत होते. नानांनी जिलबी खाल्ली. मसालेभात खाल्ला. कढी वाटीने तोंडाला लावून प्याले, आणि मग एक भाजलेला पापड मोडून डाव्या बाजूने, म्हणजे सरांनी बसवलेल्या बाजूने, कुडुमकुडुम चावला. पन्नास माणसं समोर बसलेली. हनुवटी कोरडी, रुमाल खिशात. सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की मी बघतच राहिले. लहान मूल पहिल्यांदा चाललं की बापाचा होतो तसा चेहरा. माझा दंड धरून म्हणाले, "बघितलं का? कढी. कढीसुद्धा नाही सांडली." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बघतोय. हात सोडला. ताटातलं उरलेलं त्यांनी नीट संपवलं आणि फेटा गाडीत मागच्या सीटवर ठेवला.

सरांनी गाडी शिरूरच्या चौकापर्यंत आणली. तिथे सिग्नलला म्हणाले, "जबडा फर्स्ट क्लास झालाय, डॉक्टरीणबाई." थोड्या वेळाने म्हणाले, "ज्याला दिला तो बघून वाईट वाटतंय." मला त्या वेळी जे वाटलं ते मी सरळ लिहिते. मला नानांच्या तोंडातून ते दात उपसून काढावेसे वाटले.

पुढच्या रविवारी नाना तपासायला आले. काकी मागे उभ्या. सरांनी नेहमीप्रमाणे डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी नानांच्या पुढे धरली. आता सांडत नव्हतं, तोंड उघडत होतं, दात होते. नानांनी त्या भाकरीकडे बघितलं, भिंतीवरच्या माझ्या सर्टिफिकेटांकडे बघितलं. मग म्हणाले, "आज उपास हाय डॉक्टर. खंडोबाचा रविवार."

सरांनी ती अर्धी भाकरी परत डब्यात ठेवली. "ओठाचं झालं, दाताचं झालं," ते म्हणाले. "उपासावर ऑपरेशन अजून निघालेलं नाही, नाना." आणि हसले. नानाही हसले, मी केलेले सगळे दात दाखवून. काकी हसल्या नाहीत. त्या डब्यातल्या भाकरीकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी नानांच्या पाठीकडे बघितलं. ती नजर मी तोवर त्यांच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. घरात दर रविवारी काय शिजतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

नाना गेल्यावर मी म्हटलं, या माणसाला परत माझ्या खुर्चीत घेणार नाही. सर माझ्यावरच चिडले. "पेशंट म्हणून आलाय, पेशंटला दात द्यायचे असतात. आतला माणूस दुरुस्त करायचा विभाग वेगळा हाय. तिथं माझ्या बापानं आयुष्य घालवलं. मी हाडाचा डॉक्टर झालो ते काम सोपं म्हणून." त्यानंतरही नाना यायचे. सर त्यांचा जबडा तितक्याच काळजीने तपासायचे आणि दर वेळी डबा उघडून भाकरी पुढे धरायचे. नाना दर वेळी उपास सांगायचे. कधी खंडोबाचा, कधी नवसाचा. सर ते ऐकून मान हलवायचे आणि स्वतः जेवायला बसायचे. दोघांनाही त्याची सवय झाली होती. मला झाली नाही.

सरांचा शोधनिबंध परदेशात छापून आला. ओठ, लाळ, बोलणं, चावणं, सगळ्याचे तक्ते होते. पंगतीचा प्रश्न संपादकांनी काढून टाकायला लावला होता. अंक घेऊन ते माझ्याकडे आले, टेबलावर टाकला आणि म्हणाले, "जे कुणीही मोजू शकतं तेवढं छापलं." नंतर त्यांनी त्याच अंकावर भाकरी ठेवली, कारण त्या दिवशी वर्तमानपत्र आलं नव्हतं. कागद गुळगुळीत असल्यामुळे आमटी शोषली गेली नाही आणि माझं टेबल खराब झालं.

सर गेले ते इस्पितळातच. ऑपरेशन संपवून बाहेर आले, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले आणि छातीत कळ आली. टेबलावरचं हाड जगलं. असं जाणं त्यांना स्वतःला मुळीच आवडलं नसतं. परिषदेत कुणी ते हुंदका देऊन सांगितलं असतं तर सर मागच्या रांगेतून काहीतरी बोलले असते.

दौंडला त्यांच्या वस्तीतल्या विहारासमोर मांडव घालून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वार बुधवार. बुद्धवंदना झाली आणि मग लोक बोलायला उठले. पुण्याचे खड्डेवाले सर्जन आले होते, ते इंग्रजीत रडले. आणि मग माईकवर नाना आले. पांढरा सदरा, कडक इस्त्री, काकी मांडवाच्या कडेला बायकांत बसलेल्या. नाना चांगली पंधरा मिनिटं बोलले. "डॉक्टर गेलं न्हाईत, आपला देव गेला," म्हणाले. एक शब्द अडखळला नाही, एक अक्षर चघळलं गेलं नाही. ओठ मिटायचे तिथे मिटत होते, हनुवटी कोरडी होती. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही सगळं स्पष्ट कळत होतं. मी इतकी चिडले होते तरी माझ्या मनात आलंच, की सर, तुमचं काम बघा.

मग पंगत बसली. वैशालीताईंनी हट्टाने बाजरीची भाकरी, आमटी आणि शेंगदाण्याची चटणीच ठेवली होती. सतरंजीवर सरांचे पेशंट बसले. कुणाचा गाल छातीच्या कातडीचा, कुणाची जीभ मनगटाच्या कातडीची. दोघाचौघांनी छातीवर टॉवेल टाकले. आमटी ओघळत होती, पुसली जात होती, आणि कुणी तोंड फिरवून बसलं नव्हतं. वैशालीताई वाढत वाढत नानांपाशी आल्या. नाना अजून उभेच होते. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्याच स्पष्ट आवाजात म्हणाले, "आज उपास हाय ताई. डॉक्टरांना म्हाईत होतं." एवढं बोलून ते गाडीकडे वळले आणि काकींना उठायची खूण केली.

मालनकाकी उठल्या. नानांच्या मागे चार पावलं गेल्यासारख्या झाल्या आणि मग वळून पंगतीत, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन मांडी घालून बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. वैशालीताई पत्रावळ घेऊन थांबल्या होत्या, काकींनी ती त्यांच्या हातातून घेतली. "उपास त्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "माझा न्हाई."

त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि सावकाश खायला लागल्या. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. काकींनी तो ऐकला, घास चावून संपवला आणि म्हणाल्या, भाकरी सारखी थापलीय. मी म्हटलं, सर अशीच थापायचे. हॉर्न परत वाजला, या वेळी बराच वेळ. काकींनी पत्रावळीवर बोटाने जागा केली आणि वैशालीताईंना हाक मारून चटणी मागितली.